गुण हवेत ना? मग हे वाचा : पालकांना एक खुलं पत्र

समस्त पालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी गणित शिकवते, अधूनमधून विज्ञानाचे तासही घेते. पालकसभेत दर वेळी एक प्रश्न येतोच, कधी थेट, कधी आडून. "वर्गात खेळ, गप्पा, प्रयोग बरेच चालतात म्हणे. अभ्यास कधी होतो?" सभेत बोलायला मिळतात दोन मिनिटं, आणि तेवढ्यात "होतो हो, काळजी करू नका" यापलीकडे काही सांगता येत नाही. त्यानं तुमचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

गुणांना काही अर्थ नसतो, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा स्वतः भरपूर गुण मिळवून पुढे गेलेली असतात. गुणांवर प्रवेश ठरतात, शिष्यवृत्त्या ठरतात. ज्या घरात मागे दुसरा कसलाच आधार नाही, तिथल्या मुलासाठी तर गुणपत्रिकेइतका कामाचा कागद दुसरा नाही. तेव्हा तुमची धास्ती खोटी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गुण वाढावेत म्हणून घरोघरी जे चालतं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींनी गुणही वाढत नाहीत. आणि वर्गातला जो प्रकार तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटतो, तो परीक्षेच्या दिवशी मुलाच्या कामी येतो. हे मी भाबडेपणानं म्हणत नाही, यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत.

अभ्यास करणारं मूल म्हणजे कसं, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. टेबलाशी मान खाली, पुस्तक उघडं, ओठ हलतायत, ओळींखाली रंगीत रेघा. घरात शांतता. हे दृश्य पाहिलं की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. बाकीच्यांनी एकदाच वाचला आणि मग कागद मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ५६ टक्के मजकूर होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आता तुम्हीच सांगा, वाचून झाल्यावर पाच मिनिटांत परीक्षा घेणारं मंडळ कुठे असतं का?

तुम्ही ज्याला गोंधळ म्हणता, तो आमचा चिठ्ठ्यांचा डबा या आठवण्यासाठीच असतो. प्रत्येक मूल मागच्या महिन्यातल्या धड्यांवर एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतं. मग दोन बाजू पाडायच्या, डबा हलवायचा, चिठ्ठी काढायची, पुस्तक मिटलेलं. उत्तर चुकलं तर समोरच्या बाजूनं ते चूक का आहे हे सांगायचं, नुसतं "चूक" ओरडून भागत नाही. गुण कुणालाच नाहीत. दुसऱ्याला अडकवायचंच या इरेला पेटलेली मुलं असे वाकडे प्रश्न काढतात की मलाही दोन क्षण थांबावं लागतं. आणि असा प्रश्न काढायचा तर धडा किती बारकाईनं वाचावा लागतो, हे एकदा स्वतः करून बघा. एरवी "पुन्हा एकदा वाच" म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, तीच मुलं डब्याच्या आदल्या संध्याकाळी धडा उलटापालटा करतात.

गणिताच्या वह्यांचंही तसंच. घरी सराव म्हणजे एकाच नमुन्याची वीस गणितं ओळीनं. पहिली दोन अडखळत, पुढची अठरा झरझर, पानभर बरोबरच्या खुणा, सगळे खूश. पण तिसऱ्या गणितानंतर मूल विचार करत नसतं, हात आपोआप चालत असतो. कोणती रीत वापरायची हे आधीच ठरलेलं असतं आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनफळाच्या गणितांवर हे पाहिलं. एका गटानं एकेका आकाराची गणितं सलग सोडवली, दुसऱ्यानं सगळे आकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानं चाचणी घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. मी घरी पाठवते त्या कोड्यांच्या कागदावर भागाकाराशेजारी कोन आणि कोनाशेजारी टक्केवारी का असते, त्याचं कारण हे. त्या कागदावर चुका जास्त होतात. होऊ द्या. वहीत लाल खुणा दिसल्या की लगेच शिकवणी शोधायला निघू नका.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, त्या गोष्टीकडे येते. वर्गात मजा कशाची येते?

एक प्रश्न तुम्हालाच घालते. भिंतीवर सरळ टांगलेल्या आरशात तुम्हाला स्वतःचं कमरेपर्यंतचंच अंग दिसतंय. चार पावलं मागे गेलात तर पाय दिसतील का? उत्तर मनात ठरवा, मगच पुढे वाचा.

वर्गात हा प्रश्न टाकला की जवळपास सगळे हात "दिसतील" या बाजूला वर जातात. एखाददुसरं मूल "नाही" म्हणतं आणि लगेच बावरतं, कारण अख्खा वर्ग त्याच्याकडे वळून बघत असतो. मग मी आरसा काढते. एक डोळा मिटायचा, आरशावर आपली हनुवटी दिसते तिथे आणि डोक्याचा माथा दिसतो तिथे साबणानं खूण करायची आणि मागे सरकायचं. खुणा जागच्या जागी. अजून मागे. तरी जागच्या जागी. चेहरा त्या दोन रेघांमधून हलायलाच तयार नाही. म्हणजे कितीही मागे गेलं तरी पाय दिसणार नाहीतच. आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं तर ते खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मं! या क्षणी वर्गात जो गलका उठतो, तो शेजारच्या वर्गाला त्रासदायक असतो हे मला कबूल आहे. पण त्यानंतर "प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते" हे पुस्तकातलं वाक्य मला शिकवावं लागत नाही. आरसा कायम आपल्या आणि आपल्या प्रतिमेच्या मधोमध असतो, म्हणून संपूर्ण अंग बघायला आपल्या उंचीच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, तो नीट उंचीवर टांगला म्हणजे झालं, इथवर मुलं आपापसांत भांडत पोचतात. वर्षाच्या शेवटी प्रकाशाचा धडा कुणाला विचारा. व्याख्या कदाचित अडखळेल, आरसा मात्र आठवेल, आणि आरशावरून व्याख्या पुन्हा रचता येईल.

आधी चुकीचा अंदाज बांधायला लावून वेळ का घालवायचा, सरळ बरोबर तेच का सांगू नये? कारण अंदाज चुकला तरी त्याचा फायदा होतो. मजकूर वाचण्याआधी त्यावरचे प्रश्न ज्यांना विचारले आणि ज्यांची उत्तरं चुकली, त्यांच्याही लक्षात तो मजकूर नंतर जास्त राहिला, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. अंदाज बांधला की मूल त्या प्रश्नात गुंतून जातं. आपलं खरं ठरतं की नाही हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही.

अपूर्णांकांचं उदाहरण तर दरवर्षी येतं. एक चतुर्थांश अधिक एक तृतीयांश किती? काही मुलं वरचे अंक वर मिळवतात, खालचे खाली, आणि दोन सप्तमांश सांगतात. यावर "चूक, छेद समान करून घे" असं सांगता येतं. दरवर्षी सांगितलंही जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याऐवजी मी फळ्यावर ते उत्तर तसंच ठेवते आणि विचारते, दोन सप्तमांश मोठा की एक तृतीयांश? कागदाच्या पट्ट्या काढा, घड्या घाला, मोजा. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडतं, "बाई, बेरीज कमी झाली!" एक तृतीयांशात भर घातली आणि उत्तर एक तृतीयांशापेक्षा लहान आलं. हे कसं शक्य आहे? मग आणखी कुणी त्याच रीतीनं अर्धा अधिक अर्धा करतं, दोन चतुर्थांश येतात, म्हणजे पुन्हा अर्धाच. वर्ग हसतो, ज्यानं चूक केली तोही हसतो. आपल्याला कुणी हसत नाहीये, त्या रीतीला हसतायत, हे त्याला कळलेलं असतं. छेद समान का करायचे हे त्यानंतर सांगितलं की ते पालथ्या घड्यावर पाणी होत नाही.

किंवा दोरीचा खेळ. दोरीचा चोवीस एककांचा फास, त्याचे आयत करायचे. परिमिती तीच, मग क्षेत्रफळही तेच राहणार, असं जवळपास सगळ्यांना वाटतं. अकरा लांब आणि एक रुंद केला तर क्षेत्रफळ ११. दहा आणि दोन, २०. नऊ आणि तीन, २७. मग ३२, ३५, आणि सहा बाय सहाचा चौरस, ३६. आकडे फळ्यावर मांडले की मुलं फरक काढायला लागतात. नऊ, सात, पाच, तीन, एक! हे मी त्यांना शोधायला सांगितलेलं नसतं. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत परीक्षेत किती गुण घेऊन जाते, हे पेपर तपासणाऱ्या कुणालाही विचारा. ज्यानं दोरी ताणून बघितली, त्याची गल्लत फारशी होत नाही.

मजेच्या नावाखाली चालणारं सगळंच मला पटतं, असं समजू नका. फुगे, टोप्या, पडद्यावर नाचणारी चित्रं, दर बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज आणि चमचमतं चांदणं. मुलं हसतात, तास मजेत जातो आणि घरी विचारलं तर चित्रातलं अस्वल आठवतं, भागाकार आठवत नाही. धड्यावर वरून लावलेली मजा अशीच असते, धडा बाजूला राहतो. मजा त्या प्रश्नाच्या आतच असायला हवी. आणि सगळंच मजेचं होत नाही, हेही मान्य. पाढे पाठच हवेत. स्पेलिंगं घोटावीच लागतात. वाद्य वाजवायला शिकणाऱ्यालाही बोटं वळेपर्यंत तेच तेच करावं लागतं. पण दोरीचं कोडं सुटत असताना पाढा अडला, तर पाढा पाठ करायचं कारण मुलाला स्वतःलाच सापडतं. मला तेवढं पुरतं.

एक धोका मी आधीच सांगून ठेवते. मूल घरी येऊन म्हणेल, "आज बाईंनी काही शिकवलंच नाही." ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला असा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींना उत्तम, ओघवतं व्याख्यान मिळालं. काहींना तोच भाग गटागटात झगडून सोडवायला लावला. झगडणारे चाचणीत पुढे होते, पण "किती शिकलात असं वाटतं" यावर त्यांनीच कमी सांगितलं. कुणी घडाघडा समजावून सांगत असलं की आपल्याला सगळं कळतंय असं वाटत राहतं. स्वतः डोकं खाजवताना आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. मोठ्या विद्यार्थ्यांची ही गत, तर लहानांची काय कथा. तेव्हा "काही शिकवलं नाही" ऐकलंत तर मला फोन करण्याआधी एवढंच विचारा, "बरं, मग केलं काय?" आणि उत्तर मधे न तोडता ऐका.

घरातल्या दोनतीन सवयींबद्दलही लिहायचं आहे. थोडं कडू लागेल.

"नव्वदच्या वर आलास तर सायकल" हा करार घरोघरी होतो. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी काढली, मिळालं. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर हीच मुलं बक्षिसाचं नावही न काढलेल्या मुलांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रात रमत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं होतं, त्यांची आवड मात्र शाबूत होती. सायकल द्या, जरूर द्या. गुणांशी तिची गाठ बांधू नका. आणि ज्या मुलाला मुळात त्या विषयाची आवडच नाही त्याचं काय, असं कुणी विचारेल, तर त्याच्या बाबतीत सुरुवातीला छोटंसं बक्षीस चालून जातं, असा माझा अनुभव. आवडीच्या विषयाला मात्र किंमत लावू नये.

दुसरी सवय गणिताच्या भीतीची. "मलाही गणित कधी जमलं नाही" हे वाक्य मुलासमोर हसत हसत टाकलं जातं, आणि रात्री तेच पालक मुलाला घेऊन गृहपाठाला बसतात. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभर मागोवा घेतला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धडकी भरते आणि जे वारंवार गृहपाठ घेतात, त्यांची मुलं वर्षाअखेर गणित कमी शिकलेली होती आणि जास्त घाबरलेली. असे पालक फारसा गृहपाठ घेत नसतील, तर मुलांवर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे धडकी भरत असेल तर उपकार म्हणून गृहपाठ माझ्यावर सोडा. तुम्ही पत्ते खेळा, सापशिडी खेळा, स्वयंपाकाची मापं मुलाला घेऊ द्या. चिडचिड होत नसेल तिथवर बसा, व्हायला लागली की उठा.

तिसरी गोष्ट, गुण किती पडले हे विचारणं. रोज, प्रत्येक चाचणीनंतर, आणि लगोलग "पहिल्याला किती?" हेही. गुण म्हणजे ताप मोजायचं यंत्र आहे. तापाची कल्पना येते, पण दर तासाला काखेत यंत्र खुपसून कुणाचा ताप उतरलेला नाही. रूथ बटलर यांनी १९८८ साली मुलांच्या उत्तरांना तीन प्रकारे प्रतिसाद दिला. काहींना फक्त शेरा, म्हणजे काय जमलं आणि पुढे काय करून बघावं. काहींना फक्त गुण. काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काहीच फायदा झाला नाही. गुण दिसले की खालचं कुणी वाचत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. रात्री जागून लिहिलेले शेरे आम्ही सकाळी पानं उलटताना न वाचले गेलेले बघतो.

म्हणून पुढच्या घटक चाचणीपासून मी एक बदल करणार आहे आणि त्यासाठी तुमचं सहकार्य मागते आहे. तपासलेल्या वह्या घरी येतील तेव्हा त्यांत शेरे असतील, गुण नसतील. मुलानं शेरे वाचून चुकलेली गणितं स्वतः पुन्हा करायची. तुम्ही करून द्यायची नाहीत, तुमचं अक्षर मी ओळखते. दुरुस्त केलेली वही परत आली की गुण मिळतील. ते माझ्या नोंदवहीत पहिल्या दिवसापासून असतील, लपवलेलं काही नाही, फक्त तुमच्यापर्यंत उशिरा पोचतील.

मधल्या दिवसांत मुलाला चैन पडणार नाही आणि तुम्हालाही पडणार नाही. तेवढे दिवस वहीतलं एखादं चुकलेलं गणित उघडून मुलाला विचारा, "हे तू असं का केलंस?" आवाज मात्र चौकशीचा नको. त्याला जे वाटलं होतं, ते बहुतेक वेळा अगदीच वेडगळ नसतं. कधी कधी तर ते ऐकून मला माझी शिकवायची रीत बदलावी लागते. शक्य झालं तर ते दोन ओळींत लिहून पाठवा.

गुण आधी कळावेत म्हणून फोन करू नका, मी सांगणार नाही. शेऱ्यांबद्दल विचारायला मात्र शाळा सुटल्यावर कधीही या. माझं अक्षर लागत नाही म्हणून आलात, तरी चालेल.

आपली,
मुलांची गणिताची बाई